अहवालातील चार जनुके आणि घरातला एक प्रश्न

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान झाले की घरात उमटणारा पहिला प्रश्न उपचाराचा नसतो, काळाचा असतो. रुग्ण स्वतः तो क्वचितच विचारतो. विचारतो तो मुलगा, जावई किंवा धाकटा भाऊ, आणि तोही डॉक्टरांच्या खोलीतून सगळे बाहेर पडल्यावर एकटा परत आत जाऊन: ‘‘किती दिवस?’’ गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला नवे उत्तर सापडल्याचा समज पसरला आहे. गाठीच्या पेशींमधील जनुकांची तपासणी होते, अनेक पानांचा अहवाल येतो, त्यात अक्षरे आणि आकडे एकमेकांना चिकटून आलेले असतात. कुटुंबाला वाटते, उत्तर या कागदात कुठेतरी लिहिलेले आहेच. फक्त ते वाचता आले पाहिजे.

हा समज कुठवर खरा आहे हे पाहण्यासाठी जबलपूरच्या बडा फुहारा भागातले एक मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. घर कल्पनेतले आहे. त्यातले आजारपण ज्या वाटेने जाते ती वाट मात्र अनेक घरांनी चाललेली आहे.

बडा फुहारा हा जुन्या जबलपूरच्या बाजारपेठेचा मध्य. जवळच कमानिया गेट उभे आहे, १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून बांधलेले. सराफा, कापडाची दुकाने आणि खव्याच्या काळसर जिलबीचा वास हा या परिसराचा रोजचा संसार. जबलपूर १७९८ पासून १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि पुढे १९५६ पर्यंत ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे बाजारात हिंदी आणि देवघरात मराठी बोलणारी घरे येथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अशाच एका घरातले गृहस्थ, बासष्ट वर्षांचे, आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. वर्षभरापूर्वी त्यांना मधुमेह निघाला. घराण्यात कोणाला नव्हता. घरच्यांनी दोष जिलबीला दिला, जिलबी बंद झाली, गोळी सुरू झाली. त्याच सुमारास वजन सहा-सात किलोंनी उतरले, तेव्हा पथ्य मानवले म्हणून कौतुकच झाले.

येथे क्षणभर थांबणे आवश्यक आहे. स्वादुपिंड हे इन्सुलिन निर्माण करणारे इंद्रिय आहे. त्यात वाढणारी गाठ कित्येकदा मधुमेहाच्या रूपाने स्वतःची पहिली वर्दी देते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले की पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या शंभर माणसांपैकी साधारण एकाला पुढील तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग आढळतो. शंभरांत एक म्हणजे घाबरून जाण्याइतके मोठे प्रमाण नाही. परंतु उतारवयात अचानक आलेला मधुमेह, कारणावाचून उतरणारे वजन आणि पोटातून पाठीकडे जाणारी बोचरी वेदना ही तिन्ही एकत्र आली, तर त्यांच्याकडे पथ्याचे यश म्हणून पाहणे महागात पडते.

मग कावीळ झाली. ताप नाही, पोटदुखी फारशी नाही; डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग फिका आणि अंगाला रात्रभर खाज. कावीळ ‘उतरवणारे’ मध्य भारतात गावोगाव आहेत. कोणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पाणी पिवळे झालेले दाखवतो, कोणी गळ्यात मुळ्यांची माळ घालतो आणि ती माळ लांबत गेली की रोग उतरला असे मानले जाते. यकृताला विषाणूची सूज आली असेल तर ती पुष्कळदा आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला मिळते. वेदनेविना वाढत जाणारी कावीळ मात्र वेगळी असते. स्वादुपिंडाच्या डोक्याशी वाढलेल्या गाठीने पित्ताची नळी दाबली की पित्त अडते. ती नळी मोकळी केल्यावाचून ती कावीळ उतरत नाही. माळेसाठी दिलेले तीन-चार आठवडे येथे परत मिळत नाहीत. या कर्करोगात निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया शक्य असलेले रुग्ण जेमतेम पंधरा ते वीस टक्के असतात. पुढे जनुकांविषयी जे काही सांगायचे आहे त्याआधी हे सांगणे भाग आहे, कारण रोग कोणत्या टप्प्यात सापडला आणि गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढता आली की नाही या दोन गोष्टी आजही रुग्णाच्या भवितव्याविषयी कोणत्याही एका जनुकापेक्षा अधिक सांगतात.

कल्पनेतले हे कुटुंब सिवनीमार्गे पावणेतीनशे किलोमीटरवरच्या नागपूरला जाते, तेथून मुंबईला. सीटी स्कॅन, पित्तनलिकेत स्टेंट, दुर्बिणीतून घेतलेला तुकडा, आणि काही आठवड्यांनी ई-मेलने आलेला जनुकीय अहवाल. मुलगी पुण्याहून फोनवर तो उघडते.

‘‘काय लिहिलंय गं?’’ आई विचारते.

‘‘नावं लिहिलीत, आई. जनुकांची.’’

‘‘आणि दिवस?’’

‘‘दिवस नाही लिहिलेत.’’

अहवालात ठळक अक्षरांत चार नावे असतात: के-रास, टीपी-५३, सीडीकेएन-२ए आणि स्मॅड-४. स्वादुपिंडाचा नेहमी आढळणारा कर्करोग, जो त्याच्या पाचकरसाच्या नलिकांच्या अस्तरातून उगवतो, त्याची कथा बहुतेक वेळा याच चार नावांची असते. के-रास हे पेशीला वाढीचा हुकूम देणारे बटण. निरोगी पेशीत ते लागते आणि बंद होते. त्या प्रथिनातील बाराव्या जागी ग्लायसीन नावाचे अमिनो आम्ल असते. जनुकातले एकच अक्षर बदलले, गुआनीनच्या जागी ॲडेनीन आले, की तेथे ॲस्पार्टिक आम्ल बसते आणि बटण लागलेल्या अवस्थेतच अडकून राहते. या बदलाचे नाव जी-१२-डी. व्हॅलिन बसले तर जी-१२-व्ही, आर्जिनीन बसले तर जी-१२-आर. या प्रकारच्या दहांपैकी नऊ गाठींत के-रास बिघडलेले असते आणि त्यात जी-१२-डी हा सर्वांत नेहमीचा बिघाड. उरलेली तीन जनुके रोखणाऱ्यांच्या पक्षातली: सीडीकेएन-२ए पेशीविभाजनाला लगाम घालते, टीपी-५३ बिघडलेल्या पेशीला दुरुस्तीसाठी थांबवते किंवा संपवते, आणि स्मॅड-४ बाहेरून आलेला ‘वाढ थांबव’ हा निरोप केंद्रकापर्यंत पोहोचवते. एक बटण अडकते आणि तीन पहारेकरी एकामागून एक निघून जातात. कर्करोग उभा राहतो तो असा.

हे एका रात्रीत होत नाही. २०१० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी मृत रुग्णांच्या गाठींमधील उत्परिवर्तनांची मोजदाद करून मागे गणित केले. पहिल्या बिघाडापासून खरीखुरी कर्कपेशी तयार होण्यास किमान दहा वर्षे, तिच्या वंशात इतरत्र पसरण्याची क्षमता येण्यास आणखी किमान पाच वर्षे, आणि त्यानंतर सरासरी दोन वर्षांत मृत्यू, असा त्यांचा अंदाज निघाला. ज्या रोगाची ओळख ‘झपाट्याने नेणारा’ अशी आहे, तो प्रत्यक्षात दशकभर शांतपणे मुक्कामाला असतो. झपाटा दिसतो तो शेवटच्या टप्प्यात.

या चार नावांवरून पुढचा प्रवास सांगता येतो का? काही प्रमाणात येतो. त्याच विद्यापीठात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७६ रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या गेल्या. सुमारे तीस टक्के रुग्णांत रोग मुख्यतः जागच्या जागी वाढून घातक ठरला होता, तर सत्तर टक्क्यांत तो दूरवर पसरला होता. आणि स्मॅड-४ नाहीसे झालेल्या गाठी पसरणाऱ्यांच्या गटात ठळकपणे अधिक होत्या. २०१८ मध्ये अमेरिकेतील तीन केंद्रांतील ३५६ रुग्णांचा अभ्यास आला. या सर्वांची गाठ शस्त्रक्रियेने काढलेली होती. के-रास बिघडलेल्या रुग्णांचे मध्यक आयुष्य शस्त्रक्रियेनंतर २०.३ महिने, तर के-रास शाबूत असलेल्यांचे ३८.६ महिने. बिघडलेल्यांमध्ये जी-१२-डी असणाऱ्यांची स्थिती अधिक प्रतिकूल, आणि चारपैकी जितकी अधिक जनुके बिघडलेली तितका निकाल वाईट. पुढच्या काही अभ्यासांत जी-१२-आर हा बदल तुलनेने सौम्य ठरला.

पुण्यातली मुलगी इंटरनेटवर पोहोचते ती नेमकी याच आकड्यांपाशी. बाबांच्या अहवालात जी-१२-डी आहे, पडद्यावर २०.३ आहे. तिच्या मनात पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळालेले असते. अहवालाचा दुरुपयोग येथून सुरू होतो.

मध्यक म्हणजे काय हे दहावीच्या गणितात शिकवतात आणि रुग्णालयाच्या बाकावर ते कोणाला आठवत नाही. शंभर माणसे आयुष्याच्या लांबीनुसार रांगेत उभी केली, तर रांगेच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाचा आकडा म्हणजे मध्यक. पन्नास माणसे त्याच्या पुढे असतात आणि ती किती पुढे आहेत हे तो आकडा सांगत नाही. वर उल्लेखिलेल्या अभ्यासातच ‘वाईट’ गटातील सुमारे चौथा हिस्सा रुग्ण अडतीस महिन्यांच्या पलीकडे गेले, म्हणजे ‘चांगल्या’ गटाच्या मध्यकाच्या आसपास पोहोचले. आणि ‘चांगल्या’ गटातील चौथा हिस्सा सतरा महिन्यांच्या आतच गेला. दोन्ही रांगा एकमेकींत इतक्या मिसळलेल्या आहेत की केवळ के-रासचे नाव पाहून एखाद्या व्यक्तीला एका रांगेत उभे करणे म्हणजे पावसाची सरासरी पाहून उद्या छत्री लागेल की नाही हे ठरवणे. शिवाय ते आकडे शस्त्रक्रिया झालेल्यांचे होते. ज्यांची शस्त्रक्रिया शक्यच नव्हती, त्यांच्यासाठी ते आकडे मुळात नाहीतच. त्यांच्या बाबतीत वास्तव अधिक कठोर असते आणि ते झाकून ठेवण्यातही अर्थ नाही. अमेरिकेत सर्व टप्पे मिळून पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण अलीकडे सुमारे तेरा टक्क्यांपर्यंत आले आहे. पूर्वीपेक्षा ते चांगले आहे, पुरेसे नाही.

आकड्यांच्या जोडीला बाजारात उदाहरणेही असतात. बडा फुहाऱ्यावर चहा घेताना कोणीतरी सांगतोच: स्टीव्ह जॉब्स आठ वर्षे जगला, मग पर्रीकर का नाही? मनोहर पर्रीकर यांना फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत रुग्णालयात दाखल करावे लागले. मुंबई, अमेरिका, दिल्ली असे उपचार झाले. ३० जानेवारी २०१९ रोजी नाकात नळी असताना त्यांनी गोव्याचा अर्थसंकल्प विधानसभेत मांडला आणि १७ मार्च २०१९ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ते चित्र मराठी आणि कोकणी घरांच्या स्मरणात पक्के आहे. त्या तेरा महिन्यांत गोव्यात जो तो मनाशी दिवस मोजत होता, त्यांची बाजू घेणारेही आणि विरोधकही. जॉब्स यांचे निदान २००३ चे आणि मृत्यू ५ ऑक्टोबर २०११ चा. परंतु जॉब्स यांची गाठ त्या नेहमीच्या प्रकारातली नव्हती. स्वादुपिंडातील संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींपासून निघणारी ती न्यूरोएंडोक्राइन गाठ होती. इंद्रिय एकच असले तरी रोग निराळा, वेग निराळा, जनुकेही निराळी. दोन माणसांच्या आयुष्याची लांबी शेजारी ठेवून जो निष्कर्ष निघतो, तो बहुधा या फरकाकडे पाठ फिरवून निघालेला असतो.

न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, जी प्रत्येक जनुकीय अहवालाच्या पहिल्या पानावर छापण्याजोगी आहे. २०११ मध्ये या गाठींच्या जनुकांचे पहिले मोठे वाचन प्रसिद्ध झाले. सुमारे ४३ टक्के गाठींत डॅक्स किंवा एटीआरएक्स या दोन जनुकांपैकी एक बिघडलेले आढळले आणि ज्यांच्यात बिघाड होता ते रुग्ण अधिक काळ जगले होते. म्हणजे हा बिघाड शुभचिन्ह ठरला. तीनच वर्षांनी, २०१४ मध्ये, दुसऱ्या संशोधकगटाने रुग्णांच्या वेगळ्या समूहात पाहिले तर हाच बिघाड असलेल्यांमध्ये रोग परतण्याचे प्रमाण अधिक आणि आयुष्य कमी निघाले. चिन्ह तेच, अर्थ उलटा. रोग लवकरच्या टप्प्यातला आहे की पसरलेला, यावर त्या चिन्हाचा अर्थ बदलतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. स्मॅड-४ विषयीही पुढच्या सर्व अभ्यासांनी एकमुखाने साक्ष दिलेली नाही. जनुकाच्या नावापुढे ‘चांगले’ किंवा ‘वाईट’ असे विशेषण कायमचे चिकटत नाही.

तरीही हा अहवाल काढावा, आणि आग्रहाने काढावा. कारण त्यात दुसऱ्या प्रकारची माहितीही असते, आणि तिचे मोल दिवस मोजण्यात नसते. काही उत्परिवर्तने रोग कसा वागेल हे सुचवतात. काही उत्परिवर्तने कोणते औषध लागू पडेल हे सुचवतात. डॉक्टर या दोहोंत काटेकोर भेद करतात, कुटुंबे सहसा करत नाहीत. बीआरसीए-१, बीआरसीए-२ आणि पीएएलबी-२ ही जनुके डीएनएचे तुटलेले धागे सांधण्याच्या कामातली. ती बिघडलेली असतील तर प्लॅटिनमयुक्त औषधे, जी डीएनए तोडतात, त्या गाठीवर अधिक परिणामकारक ठरतात. गाठीला तुटलेले सांधता येत नाही. रोगाची ताकद तेथे त्याची दुबळी बाजू होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत ३,३१५ रुग्णांची तपासणी करून जन्मजात बीआरसीए बिघाड असलेले १५४ रुग्ण निवडले गेले. ओलापॅरिब ही गोळी घेणाऱ्यांमध्ये रोग पुन्हा वाढू लागण्यास मध्यक ७.४ महिने लागले, न घेणाऱ्यांमध्ये ३.८. एकूण आयुष्यात मात्र फरक दिसला नाही: १९.० महिने आणि १९.२ महिने. ‘चमत्कारी गोळी’ म्हणून फिरणाऱ्या संदेशांत पहिली जोडी असते, दुसरी नसते. प्रामाणिक सल्ला दोन्ही जोड्या सांगतो, आणि मग रोग थांबलेल्या त्या जादा महिन्यांचे काय मोल आहे हे रुग्णाला ठरवू देतो.

बीआरसीएच्या उल्लेखासरशी आणखी एक दार उघडते. गाठीतला के-रासचा बिघाड गाठीतच जन्मतो आणि गाठीबरोबरच संपतो. तो मुलांना मिळत नाही. बीआरसीएचा बिघाड मात्र आईकडून किंवा वडिलांकडून आलेला, अंगातल्या प्रत्येक पेशीत असलेला, असू शकतो. तसा असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणूनच अमेरिकेतील मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून स्वादुपिंडाच्या नलिकांच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची, घराण्यात कर्करोग असो वा नसो, रक्तातून आनुवंशिक तपासणी सुचवली आहे. बासष्ट वर्षांच्या या गृहस्थांच्या बहिणीला पंधरा वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला असेल, आत्याला अंडाशयाचा झाला असेल आणि या तीन आजारांना घरात तीन वेगळी दुर्दैवे मानले जात असेल, तर हा अहवाल पहिल्यांदाच सांगतो की ते एकच सूत्र होते. बिघाड मुलीत असेल तर स्तनांच्या तपासण्या लवकर सुरू करता येतात, अंडाशयाविषयी वेळेत निर्णय घेता येतो. वडिलांच्या आजाराचा अहवाल मुलीचे आयुष्य वाढवू शकतो, आणि हे वाक्य त्या अहवालातील सर्वांत आशादायक वाक्य असूनही ते बहुधा कोणी वाचून दाखवत नाही. उलट मुलीच्या लग्नाचे काय, या धास्तीने ती पाने दडवली जातात. पत्रिकेतला मंगळ लपवण्याची सवय जनुकांच्या अहवालाला लावली, तर त्याची किंमत पुढची पिढी मोजते.

येथे प्रश्न देशाचाही होतो. वर दिलेले बहुतेक आकडे अमेरिकेतील आणि युरोपातील रुग्णांचे आहेत. भारतात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आढळतो, म्हणून त्याच्या जनुकांचे मोठे भारतीय संकलन मागे राहिले. याचा परिणाम अहवालात एका त्रोटक शेऱ्याच्या रूपाने दिसतो: ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’. एखादा बदल निरुपद्रवी आहे की घातक, हे ठरवायला त्याच समाजातील हजारो निरोगी माणसांत तो किती वेळा आढळतो हे ठाऊक असावे लागते. युरोपीय वंशाच्या माणसांसाठी ते बऱ्याच अंशी ठाऊक आहे. जबलपूरच्या मराठी घरासाठी, गोंडांसाठी किंवा कोकणातल्या कुणब्यांसाठी ते हळूहळू कळते आहे. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील दहा हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. या मोजणीचा उपयोग नेमका अशा शेऱ्यांपाशी आहे.

परदेशी आकडे जसेच्या तसे उचलले की काय निसटते, याचे उदाहरण स्वादुपिंडाच्याच बाबतीत भारतात घडून गेले आहे. स्वादुपिंडाचा दीर्घकालीन दाह हा कर्करोगाचा धोका वाढवणारा आजार. पाश्चात्त्य देशांत त्याच्या आनुवंशिक प्रकारामागे पीआरएसएस-१ या जनुकाचा बिघाड प्रामुख्याने सापडला. हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये गिरिराज चांडक आणि सहकाऱ्यांनी २००२ पासूनच्या अभ्यासांत भारतीय रुग्ण तपासले तेव्हा तो बिघाड आढळला नाही. त्याऐवजी स्पिंक-१ या निराळ्या जनुकातील बदलाशी संबंध दिसला. केवळ परदेशी यादी घेऊन तपासणी केली असती, तर अहवालात ‘दोष नाही’ असे आले असते आणि रुग्ण निश्चिंत झाला असता.

असा शोध घेण्याची परंपरा मुंबईला नवी नाही. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेत वसंत रामजी खानोलकरांनी भारतीयांमधील कर्करोगांची वैशिष्ट्ये पाहिली. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांवरच्या प्रयोगांतून कर्करोग, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांचे धागे तपासले. त्या काळात जनुकाचे अक्षर वाचता येत नव्हते; प्रश्न मात्र तोच होता, की हा रोग याच माणसाला का झाला. आज अक्षर वाचता येते. मुंबईजवळ खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या संस्थेत कर्करोगाच्या आनुवंशिकतेचा सल्ला मिळतो. पण बडा फुहाऱ्यापासून खारघरपर्यंत रात्रभराचा रेल्वेप्रवास आहे, आणि तो प्रवास करावा हे सांगणारा कोणी मधल्या वाटेवर भेटला पाहिजे. यंत्र वाचते, समजावून सांगणारा जनुकीय समुपदेशक जिल्ह्याच्या गावी क्वचितच असतो. त्याची उणीव मग इंटरनेट भरून काढते, आणि इंटरनेट मध्यक सांगते.

के-रासच्या बाबतीत तर काळ स्वतःच बदलतो आहे. माणसाच्या कर्करोगात रास जनुकांचा बिघाड १९८२ मध्ये ओळखला गेला. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे त्यावर औषध सापडले नाही. प्रथिनाचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत की औषधाच्या रेणूला धरायला खाच मिळेना. २०२१ मध्ये जी-१२-सी या प्रकारावरचे पहिले औषध अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. स्वादुपिंडात तो प्रकार शंभरांत एक-दोघांनाच असतो. पुढची पिढी जी-१२-डीसह अनेक प्रकारांना एकदम आवरू पाहणारी आहे. त्यांपैकी डॅरॅक्सॉनरासिब या औषधाची स्वादुपिंडाच्या कर्करोगातील तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. जे अक्षर काल केवळ अशुभ म्हणून वाचले जात होते, तेच अक्षर कोणाला कोणत्या चाचणीत प्रवेश मिळेल हे ठरवू लागले आहे. २०.३ हा आकडा या औषधांच्या आधीच्या जगातला आहे. प्रत्येक पूर्वानुमान मागे होऊन गेलेल्या रुग्णांवरून काढलेले असते, आणि पुढचे रुग्ण त्याच औषधांवर जगतील असे गृहीत धरलेले असते.

यावरून पूर्वानुमान निरर्थक ठरत नाही. पासबुक कोणाच्या नावे करायचे, धाकट्याचे लग्न पुढे ढकलायचे की अलीकडे आणायचे, केमोथेरपीचा त्रास सोसायचा की वेदनाशमनाकडे वळायचे, हे निर्णय काळाच्या अंदाजावाचून घेता येत नाहीत. रुग्णाला तो अंदाज विचारण्याचा हक्क आहे, आणि न विचारण्याचाही. घरच्यांनी तो परस्पर ऐकून रुग्णापासून लपवावा, ही रीत प्रेमातून आलेली असली तरी ज्याचे आयुष्य आहे त्याच्याच हातून ती निर्णय काढून घेते. आणि अंदाज सांगणाऱ्याने एक आकडा सांगू नये, पल्ला सांगावा. बहुतेकांचे असे होते, काहींचे याहून वाईट, काहींचे याहून बरे, आणि दोन महिन्यांनी उपचाराला गाठ कशी उत्तर देते हे पाहून पुन्हा बोलू, असे सांगावे. ती दुसरी भेट पुष्कळदा पहिल्या अहवालापेक्षा अधिक सांगून जाते.

म्हणून अहवाल हाती आला की कुटुंबाने डॉक्टरांना क्रमाने चार गोष्टी विचाराव्यात. हा बदल गाठीतला आहे की जन्मजात? त्यामुळे औषधाची निवड बदलते का? त्याच्या आधारावर एखाद्या चाचणीत प्रवेश मिळू शकतो का? घरातल्या आणखी कोणी तपासून घ्यावे? या चारही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली, तरी ती माहितीच असते, आणि मग पाचव्या प्रश्नाकडे, काळाच्या प्रश्नाकडे, मोकळ्या मनाने जाता येते. रुग्णाची इच्छा असेल तर तो प्रश्न त्याच्यासमोर विचारावा, दाराबाहेर नव्हे.